लग्न नको म्हणतात, बाळ तर येतंय. मी कुठल्या तोंडाने आग्रह करू?

कर्वेनगरची_काकू
नमस्कार मंडळी. इथे वाचतेय खूप वर्षं, लिहिलं फक्त एकदा, ते पण उकडीच्या मोदकाची पारी का फाटते या धाग्यावर, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विषय घरचाच आहे. मुलगा ३३ वर्षांचा, हिंजवडीला नोकरी. गेली ४ वर्षं बालेवाडीत एका मुलीबरोबर राहतो. मुलगी लातूरची, स्वभावाने लाख, मला काकू म्हणते. सुरुवातीला त्रास झाला, मग सवय झाली, नातेवाईकांना 'मैत्रीण आहे' सांगून वेळ मारून नेली. आता तिला पाचवा महिना लागलाय. गेल्या रविवारी सोनोग्राफीचा फोटो दाखवायला दोघं आले, मी चहा टाकता टाकता सहज म्हटलं, मग आता तारीख बघू या ना? तर मुलगा म्हणतो, कशाची?

मी म्हटलं अरे बाळासाठी तरी, पोराला स्थिर घर लागतं. तो चिडला नाही की हसला नाही. फ्रीजशेजारच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आई, हे असलं स्थिर?"

आता कालनिर्णयाचं सांगते. आमच्या लग्नाला ३६ वर्षं झाली, त्यातली मधली ९ वर्षं आम्ही नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हतो. कशावरून ते सांगत नाही, जागेवरून होतं आणि आता हसू येईल. घटस्फोट वगैरे कुणाच्या डोक्यात पण आलं नाही. निरोप कॅलेंडरवर लिहायचो, दुधाचा हिशोब मांडतात ना त्याच चौकोनात. "गॅसचा नंबर लावला." "फी भरली." "चावी शेजारी." आणि चौकोनात न मावणारं सगळं मुलाकरवी. बाबांना सांग पान वाढलंय. बाबा तिथेच, ४ फुटांवर. तो ६ वर्षांचा होता तेव्हा सुरू झालं आणि १५ चा झाला तेव्हा संपलं, ते पण ह्यांना कावीळ झाली आणि बोलावंच लागलं म्हणून. शाळेत, सोसायटीत, हळदीकुंकवात आम्ही एकदम व्यवस्थित कुटुंब.

तर कुठल्या तोंडाने सांगू? आणि तरी आतून वाटतंय की त्यांनी करावं. हे नुसतं 'लोक काय म्हणतील' आहे की त्यात खरंच काही आहे, तेच कळेना म्हणून धागा.

निवांत_नाना
काकू, मोदकाच्या धाग्यावर तुम्हीच होतात का! तुमच्या त्या गरम पाण्याच्या टिपेमुळे आमची गणेश चतुर्थी वाचली होती. बाकी विषयावर जाणकार येतीलच, मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सदाशिवपेठी_५८
मला इथे शिव्या पडणार माहीत आहे तरी लिहितो. मूल म्हणजे काय भाड्याची सायकल नाही, वाटलं तोवर चालवली आणि स्टँडला लावली. लग्नात मंत्र कुणाला कळत नाहीत, मला पण कळले नव्हते, पण ४०० माणसं जेवून गेली. उद्या सोडायचं म्हटलं तर त्यातली ४० तरी दारात येऊन विचारतात, का रे बाबा? तो धाक असतो. लिव्ह-इनमध्ये विचारणारं कोण? घरमालक. तो पण डिपॉझिटचंच विचारणार.

झेड_ब्रिजवर_भेटू
@सदाशिवपेठी_५८, तेच ४० जण बायको मार खात असते तेव्हा कुठे जातात हो? तेव्हा 'घरचा मामला'.

सदाशिवपेठी_५८
तो मुद्दा बरोबर आहे. पण माझा पण चूक नाही.

काळाकोट
कोर्टातून आत्ताच आले, जेवायच्या आधी लिहून टाकते.

सगळे 'लिव्ह-इन गुन्हा आहे का' इथूनच सुरुवात करतात. नाही. सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये स्पष्ट सांगितलंय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईला पण संरक्षण आहे, फक्त 'लग्नासारखं' म्हणजे काय यावर कोर्टात घासाघीस होते: किती वर्षं एकत्र, समाजात नवराबायको म्हणून वावरत होते का, दोघं लग्नाला मोकळे होते का. आपल्याकडे नोंदणी वगैरे सक्तीची नाही, ते उत्तराखंडात, जानेवारी २०२५ पासून.

आता काकूंच्या नातवंडाचं. जन्मदाखल्यावर आईबापाची नावं लागतात, शाळा अडत नाही, पासपोर्टला २०१६ पासून एका पालकाचं नाव पुरतं. महाराष्ट्रात तर १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचंच नाव लागतं. पोटगी पण मिळते, फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातलं पूर्वीचं १२५ कलम, आता १४४, त्यात मूल औरस की अनौरस असा भेद नाही. इथपर्यंत सगळं छान.

घोडं पेंड खातं ते वारशात. हिंदू वारसा कायद्यात लग्नाबाहेरचं मूल आईशी आपोआप जोडलेलं असतं, बापाशी नाही. बाप मृत्युपत्र न करता गेला आणि घरच्यांनी हात वर केले तर त्या पोराला आधी सिद्ध करावं लागतं की आईबाप दीर्घकाळ नवराबायकोसारखे राहत होते आणि म्हणून लग्न गृहीत धरा. कोर्ट धरतं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने धरलंय, पण तिथपर्यंत पोहोचायला पोराचे केस पिकतात. लोक रद्द ठरणाऱ्या लग्नातल्या मुलांना बापाच्या वाट्यात हक्क देणारा २०२३ चा निकाल इथे फेकतात, तो वेगळा. तिथे निदान कसलंतरी लग्न लागलेलं असतं.

आणि जोडीदाराला तर काहीच नाही, ना वारसा ना कुटुंब निवृत्तिवेतन. 'नॉमिनी केलंय की' म्हणतात, अहो नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

उलट गंमत बघा. लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी मूल जन्मलं तरी कायदा ते त्या लग्नाचंच धरतो. एका दिवसाचं लग्न जे करतं ते १० वर्षांच्या सहवासाला कोर्टात साक्षीपुरावे करून मिळवावं लागतं. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाहीये, असं आहे एवढंच.

आकडेमोड
वा, सविस्तर. आता माझा प्रांत. 'लग्न केलेल्यांची घरं टिकतात' हे आकडे खरे आहेत पण त्यांचा अर्थ लावताना लोक गडबडतात. ब्रिटनमध्ये २०००-०२ च्या सुमाराला जन्मलेल्या साधारण १९ हजार मुलांचा मागोवा घेतायत, त्यावरून लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने २०१० मध्ये मांडलं की मूल ५ वर्षांचं व्हायच्या आत लग्न न केलेल्या जोडप्यांपैकी २७ टक्के वेगळी झाली आणि लग्न केलेल्यांपैकी ९ टक्के. तिप्पट! पेपरवाले इथेच थांबतात. पण त्याच लोकांनी पुढे वय, शिक्षण, कमाई, मूल ठरवून झालं की अचानक, मुळात दोघांचं पटत किती होतं, हे सगळं हिशोबात धरल्यावर तो फरक वितळून अगदी थोडका उरला. म्हणजे ज्यांचं टिकायचंच होतं ते लग्न करतात. छत्री घेऊन निघालेले लोक दिसले की पाऊस येतो, पण छत्रीने पाऊस येत नाही.

फ्रान्समध्ये निम्म्याहून जास्त मुलं लग्नाबाहेर जन्मतात, त्यांच्याकडे १९९९ पासून लग्नापेक्षा हलका असा एक नोंदणीकृत करार पण आहे. स्वीडनमध्ये एकत्र राहणाऱ्यांसाठी १९८७ पासून वेगळा कायदा, वेगळं झालं तर एकत्र राहायला घेतलेलं घर आणि सामान वाटून मिळतं. तिथे लग्न न करणं म्हणजे उघड्यावर पडणं नाही. आपल्याकडे आहे, वर काळाकोट यांनी सांगितलंच.

भारतातले आकडे मागू नका, जनगणनेत लिव्ह-इनचा रकानाच नाही. पण २०११ ची एक गोष्ट बघा: विवाहितांच्या तुलनेत घटस्फोटित ०.२४ टक्के आणि घटस्फोट न घेता वेगळे राहणारे ०.६१ टक्के. आपल्याकडे मोडलेली घरं कोर्टात कमी आणि माहेरी जास्त आहेत.

शेवग्याची_शेंग
'टाकलेली' हा शब्द त्या ०.६१ साठीच आहे हो. माझी मावशी, सोलापूरकडची, २२ वर्षं मंगळसूत्र घालून माहेरी भांडी घासली. कागदावर विवाहितच. नवऱ्याने तिकडे दुसरी आणली, तिला पण ३ मुलं. स्थिर कुटुंबं मोजायची तर मावशी कुठल्या रकान्यात?

इतिहासाचा_किडा
'जुन्या लोकांची रीत' आली की मला राहवत नाही. कुठले जुने लोक? पुण्यातच पेशवाईत पाट लागायचे, मोहतूर व्हायचे, विधवेचं किंवा नवऱ्याने सोडलेलीचं दुसरं घर बिनबोभाट उभं राहायचं, बऱ्याच जातींत काडी मोडली की फारकत. आणि सरकार त्यावर पाटदाम नावाची पट्टी वसूल करायचं, म्हणजे इतकं सर्रास होतं की कर लावण्याजोगं! 'एकदा लागलं की मरेपर्यंत' हा मूठभरांचा नेम, नंतर सगळ्यांनी उचलला. तिकडे डहाणू-पालघरकडे वारल्यांमध्ये खर्च झेपत नाही म्हणून जोडपी आधी नांदतात आणि लग्न पुढे कधीतरी, त्यात पोरंच करवल्या.

आणि बाळाचं म्हणाल तर याच शहरात १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, का तर लग्नाबाहेर राहिलेलं मूल मारावं लागायचं किंवा आईने जीव द्यायचा. तिथेच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत, पुढे डॉक्टर झाला. काकूंचा मुलगा सोनोग्राफीचा फोटो घेऊन चहाला येतो हे त्या हिशोबात केवढं लांब आलोय आपण. (अवांतर झालं, सॉरी.)

झेड_ब्रिजवर_भेटू
अवांतर नाही, हाच मुद्दा आहे.

बाणेरचा_भाडेकरू
मी काकूंच्या मुलाच्या जागी आहे, म्हणजे होतो. आम्ही ६ वर्षं एकत्र, मुलगी ३ वर्षांची, लग्न नाही. आम्ही काही क्रांती करायला निघालो नव्हतो. दोघांची दोन भाडी जात होती, औंधला वन बीएचके बरा पडत होता, मग तिची मांजर आली, मग माझा फ्रीज, मग ब्रोकर म्हणाला 'मॅरिड सांगा, फॅमिलीलाच देतात' म्हणून मॅरिड सांगितलं आणि मग मुलगी. 'ठरवलं' असं कधी झालंच नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला, प्लेटलेट्स घसरले, ॲडमिट केलं. काउंटरवर फॉर्ममध्ये 'रुग्णाशी नातं' होतं. ती म्हणते मी पेन हातात घेऊन २ मिनिटं उभी होते, मागची लाईन ओरडायला लागली. शेवटी पत्नी लिहिलं. घरी आल्यावर आम्ही मृत्युपत्र केलं दोघांनी. लग्नाचं अजून चालूच आहे, म्हणजे बोलणं.

आकडेमोड
@भाडेकरू, तुमचं वाचून आठवलं, अमेरिकेत स्कॉट स्टॅन्ली आणि गॅलेना रोड्स म्हणून संशोधक आहेत, त्यांचं म्हणणं नेमकं हेच: एकत्र राहण्यात धोका नाही, घरंगळत एकत्र येण्यात आहे. भाडं, मांजर, फ्रीज, आणि मग बाहेर पडणं महाग होतं म्हणून माणसं राहतात.

शेवग्याची_शेंग
घरंगळत तर आमची अरेंज मॅरेजेस पण झाली, ४० मिनिटं कांदेपोहे आणि पुढच्या आठवड्यात साखरपुडा. फक्त ढकलणारे दुसरे होते. (दिवे घ्या)

तिखटजाळ
किती दिवस लिहू की नको करत होते. आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी ८ वर्षांची होते, आज ४१. कोर्टाने रविवार ठरवून दिला होता, १० ते ५ बाबा. आम्ही नळ स्टॉपजवळ राहायचो. मी पावणेदहालाच खालच्या पायरीवर दप्तर घेऊन बसायचे, दप्तरात पत्ते आणि एक फ्रॉक. बाबांची चेतक होती, तिचा आवाज मला कोपऱ्यावरूनच कळायचा, इतर चेतकींपेक्षा थोडी फुटकी होती. कधी यायची, कधी नाही. फोन नाही काही नाही. साडेअकरा झाले की आजी गॅलरीतून म्हणायची, ये गं वर, आमटी गार होतेय. बाबांना येता आलं नाही असं ती कधी म्हणाली नाही, आमटीचंच म्हणायची.

लग्न मोडलं याचं मला फार काही वाटलं नव्हतं खरं सांगते, घरातला आरडाओरडा थांबला होता, मला झोप लागायला लागली होती. ती पायरी मात्र गेली नाही. अजून कुणी ५ मिनिटं उशीर केला तर माझं डोकं फिरतं, नवरा बिचारा ऐकून घेतो.

मग मी ११ ची असताना आईच्या आयुष्यात एक गृहस्थ आले, मी त्यांना नानाकाका म्हणायचे. दोघांनी लग्न नाही केलं, आई म्हणायची एकदा पोळलेय. आम्ही त्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. हा माणूस ७ वर्षं रोज, रोज म्हणजे रोज, मला क्लासहून आणायला आला. पावसात रेनकोट माझ्यासाठी पण असायचा, घडी घालून डिकीत. स्थिर वगैरे काय म्हणतात ते मला तेवढंच माहीत आहे.

ते हार्ट अटॅकने गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं, 'बघू दिवाळीनंतर' चाललं होतं. तेराव्याच्या आधी पुतण्यांनी कुलूप बदललं. आई ६२ ची, १९ वर्षं राहत होती त्या घरात, पातेल्यांवर तिचं नाव घातलेलं. ते पण आत राहिलं. वकील म्हणाले लढता येईल, आई म्हणाली मला नको.

काकू, तुमच्या मुलाला कॅलेंडरवरून बोलायचा पूर्ण हक्क आहे. पण त्याला नानाकाकांचं पण सांगा.

काळाकोट
@तिखटजाळ, काय लिहू. दर वर्षी एखादी अशी केस येतेच माझ्याकडे, आणि जवळपास प्रत्येक जण 'बघू दिवाळीनंतर'वाला असतो.

सदाशिवपेठी_५८
नानाकाकांना माझा नमस्कार. माझं पहिलं वाक्य, सायकलीचं, मागे घेतो. ४० माणसांचं नाही घेत. ती असती तर पुतण्यांची हिंमत झाली नसती.

कर्वेनगरची_काकू
सगळ्यांचं वाचलं, रेनकोटाचं दोनदा. एक विचारायचं होतं. आकडेमोड, भांडणाऱ्या घरातल्या मुलांचं पण कुणी काही मोजलंय का? आमच्यासारखं, न बोलणाऱ्या.

आकडेमोड
हो काकू, पॉल अमाटो नावाच्या समाजशास्त्रज्ञाचं या विषयावर बरंच काम आहे. जिथे धुमसणारं, उघड भांडण असतं तिथे वेगळं झाल्यावर मुलं सावरतात, तिखटजाळ यांना झोप लागायला लागली तसंच. उलट ज्या घरात वरवर सगळं शांत असतं तिथे फुटलं तर मुलांना जास्त धक्का बसतो, त्यांना कल्पनाच नसते. आता तुमचं कॅलेंडर भांडणात धरायचं की शांततेत, ते मी नाही सांगू शकत, तुमचा मुलगा सांगेल.

झेड_ब्रिजवर_भेटू
बाय द वे मुलीला लग्न का नकोय हे कुणी विचारलंच नाही. सगळं मुलाचं आणि कॅलेंडरचंच चाललंय.

कर्वेनगरची_काकू
बरोबर बोललीस गं (की रे?). मी पण विचारलं नव्हतं. परवा फोन केला. म्हणाली, काकू, मला तुमचा मुलगा हवाय, कन्यादान नकोय. माझ्या बहिणीच्या लग्नात बाबांनी २ एकर काढलं. आणि लग्न झालं की लगेच मी 'तुमच्याकडची' होते, लातूरला जायला विचारावं लागतं. मी म्हटलं कुणाला विचारावं लागतं? तर म्हणाली, बहिणीला लागतं.

काळाकोट
काकू, मग कन्यादान करायला सांगतंय कोण? १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे की. नोटीस द्यायची, ३० दिवस बोर्डावर लागते, कुणाचा कायदेशीर आक्षेप नसला की सह्या. ना भटजी ना मानपान, नाव पण बदलावं लागत नाही. नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लावायचं मात्र, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि लग्न केलं तरी मृत्युपत्र कराच, हे सगळ्यांना सांगतेय.

बाणेरचा_भाडेकरू
नोटीस बोर्डावर लागते म्हणजे घरी कळतंच ना? माझा एक मित्र त्याच भीतीने थांबलाय, जात वेगळी आहे.

काळाकोट
हो, तो त्या कायद्यातला मोठा काच आहे. पळून जाणाऱ्यांना ते ३० दिवस फार लांब असतात. काकूंच्या घरी सगळ्यांना आधीच कळलंय म्हणून सोपं.

निवांत_नाना
धागा वर काढतोय. काकू, काय झालं पुढे? ३ आठवडे झाले.

कर्वेनगरची_काकू
आहे आहे, डोहाळजेवणाच्या गडबडीत होते. हो केलं, लग्नाआधीच केलं, लातूरहून तिची आई आली होती, शेजारच्या लेले काकूंनी 'पण अजून...' एवढं म्हटलं आणि मग स्वतःच हिरव्या बांगड्या आणल्या.

मुलाला मी ते नानाकाकांचं फोनवर वाचून दाखवलं होतं. काही बोलला नाही, ठेवतो म्हणाला. चार दिवसांनी तिचा फोन, आम्ही नोटीस देऊन आलो म्हणून. मला सांगितलं पण नाही आधी. मृत्युपत्राचं पण त्यांनीच काढलं. कॅलेंडरचं मात्र मी त्याच्याशी बोलले, समोर बसवून, बरंच बोललो, ते काही इथे लिहीत नाही.

ह्यांना काल रात्री सांगितलं. हं म्हणाले. आज सकाळी बघते तर कालनिर्णयावर पुढच्या महिन्याच्या १८ तारखेला गोल करून ठेवलाय, खाली लिहिलंय 'इस्त्रीला शर्ट'.

काळाकोट, एक विचारायचं होतं. साक्षीदार ३ लागतात म्हणे. आम्ही दोघं आणि तिची आई चालतो का, का बाहेरचे लागतात?

काळाकोट
चालतात. तिघांनी आधार कार्ड आणि फोटो घेऊन जा, ओरिजिनल पण ठेवा जवळ. आणि लवकर जा, ११ नंतर रांग फार असते.